तीन कोठ्यांचं सुरक्षा कवच

एका जंगलात सगळ्यांकडे पान होतं.

साधं झाडाचं पान नव्हे, मुलांनो. तसं तर कुठल्याही जंगलात मिळतं. हे बँकेचं पान. कडक, चकचकीत, वर आपलं नाव. दुकानात जायचं, पान दाखवायचं आणि हवं ते घेऊन यायचं. उंबरं नंतर द्यायची. नंतर म्हणजे पौर्णिमेला.

या जंगलात उंबरं हेच पैसे होते. सुकवलेली उंबरं. जो तो ती आपापल्या कोठीत साठवायचा. कोठी म्हणजे झाडाच्या खोडातला एक खोलगट कोनाडा. हवं तर उंबरं खर्च करावी, भूक लागली तर खावी. आपल्याकडे असे पैसे नाहीत. आपल्याकडचे तोंडात घालू नका. नाणी तर मुळीच नाही. आत्ताच सांगून ठेवते.

आणि हेही सांगून ठेवते, की या गोष्टीत कोणी मरत नाही. बाळाला भूक लागते, ते मात्र आहे. तेवढं काही मला टाळता आलं नाही.

तर त्या जंगलात शेवंती नावाची एक धनेशीण राहायची.

धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. त्यांच्यात एक रीत आहे. अंडं घालायची वेळ झाली, की धनेशीण झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि आतून दार लिंपून घेते. अगदी पक्कं. फक्त चोचीचं टोक जाईल एवढी फट ठेवते. धनेश बाहेरून त्या फटीतून तिला भरवतो. अंडं फुटलं की बाळालाही भरवतो. बाळ चांगलं मोठं होईपर्यंत ही भिंत फोडायची नाही.

हे मी मनचं सांगत नाही हं. खरंच असं असतं.

शेवंती आपल्या यजमानांना 'अहो' म्हणायची. त्यांचं नाव तिनं कधी घेतलं नाही, त्यामुळे मलाही कळलं नाही. आपणही त्यांना अहोच म्हणू. अहोंची आई, म्हणजे शेवंतीच्या सासूबाई, शेजारच्या जांभळीवर राहायच्या. तिथून त्यांना सगळं दिसायचं आणि त्याहून जास्त ऐकू यायचं.

शेवंती जरा काळजी करणारी होती. जरा म्हणजे, तुम्ही जिना उतरत असता तेव्हा घरातून कोणीतरी 'सावकाश!' म्हणून ओरडतं ना? तसली. तुम्ही सावकाशच उतरत असता. तरी ओरडतं.

बाकीच्या धनेशिणी भिंतीला एक थर द्यायच्या. फार तर दोन. शेवंतीचं तसं नव्हतं. वारा आला, की तिला भीती वाटायची. मग ती एक उंबर चघळायची, मातीत कालवायची आणि भिंतीला लावायची. पान पडल्याचा आवाज झाला, की साप असेल असं वाटायचं. मग आणखी एक उंबर, आणखी एक थर. कधी कधी काहीच आवाज यायचा नाही. एवढी शांतता बरी नव्हे असं वाटून ती जाडसर थर द्यायची.

"अगं, भिंत लिंपतेयस का किल्ला बांधतेयस?" सासूबाई जांभळीवरून ओरडायच्या. "आमच्या वेळी एक हात फिरवायचो आणि मोकळ्या व्हायचो. वाढली ना सगळी?"

"हो आई," शेवंती आतून म्हणायची. आणि जांभळीच्या बाजूला एक थर लावायची.

पान मिळाल्यापासून तिला काळजी करायला आणखी सोय झाली होती. आत बसल्या बसल्या फटीतून पान बाहेर काढून दाखवलं, की काम होत होतं. तांबट पक्ष्यानं अंडेसंस्कारांचा वर्ग काढला होता. तो रोज ढोलीबाहेर बसून अंड्याला 'टुक टुक टुक टुक' ऐकवायचा. यानं पिल्लू हुशार निघतं म्हणे. तांबट तसाही दिवसभर टुक टुक करतच असायचा. पण शेवंतीसमोर बसून केलं की त्याची उंबरं पडायची.

"बाकीच्यांनी लावलाय हो वर्ग," शेवंती अहोंना म्हणायची. "आपलंच अंडं मागे पडायला नको."

"हं," अहो म्हणायचे.

अहोंचं 'हं' म्हणजे हो, नाही किंवा ऐकलं नाही, यातलं काहीही असू शकायचं.

आता एक भीती मात्र थर लावून जाईना. पौर्णिमा चुकली तर? पौर्णिमा चुकली, की बँकेचा सुरवंट यायचा आणि तुमच्या पानाला भोक पाडून जायचा. ते भोक सगळ्या जंगलाला दिसायचं. भोकाच्या पानाला दुकानदार माल देत नसत. सुगरणीच्या बालवाडीतही भोकवाल्या घरचं पिल्लू घेत नसत. आणि शेवंती तर आत कोंडलेली. बँकेत उंबरं भरायला जाणार कोण? अहो? अहो परवाच मीठ आणायला गेले आणि पीस घेऊन आले होते.

अशा वेळी फटीशी टकाचोर येऊन बसला.

टकाचोर हा लांब शेपटीचा, गोड गळ्याचा पक्षी. हो, त्या पक्ष्याचं नाव टकाचोरच आहे. पूर्वी कधीतरी कोणीतरी ठेवलं. त्याच्या बँकेतल्या नोकरीशी नावाचा काही संबंध नाही. तसं त्यानं गळ्यातल्या पाटीवर लिहूनच घेतलं होतं.

"मॅडम, फक्त दोन मिनिटं," टकाचोर म्हणाला. "तुम्ही आत. पौर्णिमा बाहेर. बरोबर?"

"बरोबर," शेवंती म्हणाली. कोणी इतकं नेमकं बोललं, की ती लगेच भिंत चाचपून बघायची.

"विसरलात तर?"

"तर भोक," ती बारीक आवाजात म्हणाली.

"म्हणून तुम्ही विसरायचं! खुशाल विसरायचं! पौर्णिमेला सकाळी आमच्या मुंग्या येतील. तुमच्या कोठीतून मोजून उंबरं उचलतील आणि बँकेत आणतील. तुम्ही काही करायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

इतकं सुंदर वाक्य शेवंतीनं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. तिनं ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग अर्थातच तिला शंका आली.

"आणि माझ्या कोठीत उंबरं कमी पडली तर?"

टकाचोराची शेपटी आनंदानं हलली. असे प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं त्याला फार आवडायची.

"त्यासाठी आमचं जोडकोठी सुरक्षा कवच आहे ना! तुमच्या कोठीला दुसरी एक कोठी जोडून ठेवायची. इथे कमी पडली, की मुंग्या तिथे जातात. आपोआप. साहेबांची कोठी आहे का?"

"अहो, तुमची कोठी जोडू का?"

"हं," अहो म्हणाले. बँकेनं तो होकार धरला.

"आणि यांच्याही कोठीत कमी पडली तर?"

"तर आजींची!"

"माझी कोठी कशाला मध्ये आणता?" जांभळीवरून आवाज आला.

"नातवासाठी हो, आजी!"

नातू म्हटलं, की सासूबाई विरघळायच्या. नातू अजून अंड्यात होता, तरी विरघळल्या. "बरं, जोडा. पण आत वाकून बघायचं नाही. माझं काही काही ठेवलेलं असतं तिथे."

झालं. आता कोणीही समाधानानं गप्प बसलं असतं. शेवंती बसली का? छे.

"आणि आईंच्याही कोठीत कमी पडली तर?"

इथवर आजपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. टकाचोरानं पंखाखाली खाजवलं. आभाळाकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"तर परत तुमच्या कोठीत!"

"म्हणजे मला यांचा आधार, यांना आईंचा, आणि आईंना माझा?"

"गोल, मॅडम! संपूर्ण गोल! कुठे टोकच नाही. मग धोका शिरणार कुठून?"

मुलांनो, तुम्हाला यात काही खटकलं का? खटकलं असेल त्यांनी हात खाली ठेवा. मला पहिल्यांदा काहीसुद्धा खटकलं नव्हतं, आणि गोष्ट मी सांगतेय.

शेवंतीनं फटीतून चोचीचं टोक बाहेर काढलं आणि पानावर उमटवलं.

"दर वेळी कोठी बदलली, की वाहतुकीचं एक उंबर," टकाचोर म्हणाला. "नाममात्र." हे तो उडता उडता म्हणाला. तेही पाठ फिरवून.

त्या दिवशी शेवंतीला इतकं हलकं वाटलं, की तिनं भिंतीला एकच थर लावला. तोही सवयीनं.

कवच आलं आणि घरात सगळेच निवांत झाले. अहो पूर्वी रोज कोठीत थोडी थोडी उंबरं टाकायचे. आता ते दुपारचे झोपायला लागले. शेवंतीच्या कोठीत आहेतच की, आईच्या कोठीत तर आहेतच आहेत. सासूबाईंनी पानावर चोचीला सोनेरी मुलामा देऊन घेतला. कोणी विचारलं, की म्हणायच्या, "हळद लावलीय. सर्दीसाठी."

मधे अंडं फुटलं आणि बाळ बाहेर आलं. अंगावर एक पीस नाही आणि नुसती चोच. त्याला एकच वाक्य येत होतं.

"आई, भूक."

तांबटाचं टुक टुक ऐकून एवढंच कसं आलं, या काळजीनं शेवंतीनं पुढचा वर्ग लावला. बुद्धीचे टोळ मागवले. शेवरीच्या कापसाची गादी मागवली. बाळानं टोळांवर झोप काढली आणि गादी खाल्ली.

आणि पौर्णिमा आली.

सकाळी सकाळी मुंग्या आल्या. पुढे मुकादम मुंगी, मागे लांबच लांब रांग. मुंग्यांचा नियम सोपा होता. कोठीतली उंबरं मोजायची. पुरली, तर बँकेत न्यायची. नाही पुरली, तर असतील तेवढी उचलायची, जोडलेल्या कोठीत टाकायची आणि पुन्हा मोजायची.

शेवंतीची कोठी तिच्या ढोलीच्या अगदी खाली होती. मुंग्यांनी मोजलं. कमी.

"पुढची कोठी!" मुकादम म्हणाली.

सगळी उंबरं उचलून त्या अहोंच्या कोठीशी गेल्या. एक उंबर वाहतुकीचं कापलं, बाकीची आत टाकली, मोजली. तरी कमी. मग सगळी उचलून जांभळीवर, सासूबाईंच्या कोठीत. पुन्हा एक कापलं. तिथे सगळी मिळून मोजली, तर पाच कमी. नुसती पाच!

"पुढची कोठी!"

पुढची कोठी कोणाची? बरोबर. शेवंतीची. ती तर रिकामी होती, कारण मुंग्यांनीच मघाशी रिकामी केली होती. पण हे मुंग्यांना कोण सांगणार? सगळी उंबरं पुन्हा तिथे आली. एक कापलं. मोजली. सहा कमी.

"पुढची कोठी!"

शेवंती फटीतून बघत होती. एक उंबर तिच्या नजरेखालून गेलं. बाळानं अर्धं चावून थुंकलेलं उंबर होतं ते. थोड्या वेळानं तेच उंबर पुन्हा गेलं. मग पुन्हा.

"अहो मुकादमबाई! हे उंबर मघाशीच गेलं होतं!"

"गेलं असेल."

"मग परत कसं आलं?"

"पुढची कोठी तुमचीच आहे."

"आणि तिच्यानंतर?"

"तिच्यानंतर तिच्या पुढची."

"अहो, जरा थांबा ना!"

"थांबा असा हुकूम आमच्यात नाही. मोजा आहे, उचला आहे..." एवढ्यात मुकादम पुढे निघून गेली. राहिलेलं वाक्य मागची मुंगी बोलली. "...टाका आहे, आणि चला आहे." आणि तीही गेली.

अहो तोंडात एक पिकलं उंबर घेऊन आले. बाळाच्या जेवणाची वेळ झाली होती. ते फटीपाशी टेकले तोच मुंग्या त्यांच्या चोचीवर चढल्या आणि उंबर काढून घेतलं.

"हे जेवण आहे!" शेवंती किंचाळली.

"जोडलेल्या खातेदाराची चोच म्हणजे फिरती कोठी," मुकादम म्हणाली. "नियम आहे."

हुशार मुलं आता विचारतील, की अहोंनी दुसरं काही का नाही आणलं? आणलं ना. करवंदं आणली. मुंग्यांनी करवंदांची उंबरं करून घेतली. तीन करवंदांचं एक उंबर, आणि बदलून देण्याचं एक उंबर. हिशेब तिथल्या तिथे संपला.

"आई, भूक," बाळ म्हणालं.

हळूहळू तीन झाडांभोवती मुंग्यांचं एक मोठं काळं वर्तुळ तयार झालं. ते थांबेना. वानरांना वाटलं, काहीतरी दैवी आहे. ते ओळीनं बसून हात जोडायला लागले. एका मोरानं वर्तुळाबाहेरून प्रदक्षिणा घातल्या. कोणीतरी भक्तिभावानं शेवंतीच्या कोठीत दोन उंबरं वाहिली. मुंग्यांनी तीही उचलली. दोन कोठ्या पुढे जाईपर्यंत ती संपली.

"काय ही तुमची योजना!" सासूबाई ओरडल्या. "माझी कोठी पार धुऊन नेली! आत माझं काही काही ठेवलेलं होतं!"

"आई, मी मुद्दाम नाही केलं हो..."

"तूच विचारलंस ना, आईंच्याही कोठीत कमी पडली तर, म्हणून? काय गरज होती एवढं पुढचं विचारायची?"

ते खरंच होतं. एक प्रश्न कमी विचारला असता, तर वर्तुळ झालंच नसतं. एक भोक पडलं असतं आणि सगळे जेवले असते.

"अहो, तुम्ही बँकेत जाऊन या," ती म्हणाली. "नीट बोला. नुसतं हं करू नका."

अहो गेले आणि आले.

"काय म्हणाले?"

"टकाचोर म्हणाला, योजना बंद करायला खातेदारानं स्वतः यायला हवं. ज्याचं टोक पानावर उमटलंय त्यानं."

"मी? अशी? बाळाला टाकून?"

"किंवा जागेवर मुंग्यांना पूर्ण चोच दाखवायची. टोक चालत नाही म्हणाला. टोक काय, कोणाचंही असू शकतं."

"अहो, योजना घेताना टोक चाललं ना पण!"

"हं," अहो म्हणाले. हे 'हं' मात्र शेवंतीला पहिल्यांदाच नीट कळलं. त्यात रडू होतं.

पूर्ण चोच बाहेर काढायची, तर भिंत फोडायला हवी होती. शेवंतीनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे वारा होता. ऊन होतं. साप होता, म्हणजे असेल. शिंकणारी वानरं होती. आणि बाळाच्या अंगावर अजून धड पीस नव्हतं. एवढे थर लावले ते कशासाठी? तिला इतकी भीती वाटली, की थर लावायला तिनं चोच वळवली. पण लावणार काय? ढोलीत एक उंबर नव्हतं.

"आई, भूक."

"हो रे राजा. थांब हं."

"आई, भूक."

"हो रे."

मग बाळ बोलेनासं झालं.

मूल एकदम गप्प झालं, की आयांच्या काळजात काय होतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. शेवंती गर्रकन वळली. बाळ कोपऱ्यात बसून भिंत खात होतं.

"थू कर! थू! माती खातोस? थू म्हण आधी!"

बाळानं तोंड गच्च मिटलं. मग मोठा घास गिळून म्हणालं, "आई, गोड."

त्याला दुसरं वाक्य आलं, याचा आनंद करायलाही तिला वेळ नव्हता. तिनं भिंतीला चोच लावून पाहिली. वरची माती ढलपी होऊन पडली. आत उंबर होतं. चघळलेलं, वाळलेलं, मऊ. त्याच्या आत आणखी एक. त्याच्या आत आणखी.

हा पहिला थर वाऱ्याच्या भीतीचा होता. चांगला गोड होता. त्याच्याखाली सापाच्या भीतीचा थर होता. तो जाड होता, बाळाला दोन घासांत संपेना. शांततेच्या भीतीचा थर तर अगदी खव्यासारखा मुरला होता. जांभळीच्या बाजूचा जरा तिखट लागला.

शेवंती एक घास बाळाला भरवायची आणि भिंतीकडे बघायची. भिंत पातळ झाली, की थांबायची. बाळानं चोच उघडली, की पुन्हा घास काढायची. खूप वेळ असंच चाललं. बाळाचं पोट टम्म झालं आणि भिंतीतून उजेड दिसायला लागला.

"काय गं, आत कसला आवाज येतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"भिंत खातोय, आई."

सासूबाईही सकाळपासून उपाशी होत्या.

"कशी लागतेय?"

"बरी लागतेय."

"एक तुकडा दे बघू बाहेर. बाळाला बाधेल का ते बघायला हवं."

शेवटी फटीचं चांगलं भगदाड झालं. वारा आत आला. बाळाला गुदगुल्या झाल्या, बाकी काही झालं नाही. शेवंतीनं डोळे मिटले, अख्खी चोच बाहेर काढली आणि खाली फांदीवर, मुंग्यांच्या रांगेत आडवी टाकली.

मुकादम चोचीवर आपटली. मागची मुंगी मुकादमवर आपटली. तिच्यावर तिच्या मागची. आपटत आपटत तो धक्का तीन झाडांना वळसा घालून परत मुकादमपर्यंत आला.

"कोण आहे?" मुकादमनं विचारलं.

"खातेदार."

"चोच?"

"ही काय. पूर्ण आहे. मोजून घ्या."

मुकादम टोकापासून मुळापर्यंत चालत गेली आणि परत आली. "जुळतेय. बोला."

"थांबा."

मुकादमनं मागे वळून सांगितलं, "थांबा म्हणतायत."

"थांबा म्हणजे?" मागून आवाज आला.

"पुढचं पाऊल टाकायचं नाही," शेवंती म्हणाली.

"आणि उचललेलं?"

"ते खाली ठेवायचं."

मुंग्यांनी पाय खाली ठेवले. काही जणी बसल्या. एक उभ्या उभ्या झोपली. एक रडायला लागली.

"बाई," मुकादम म्हणाली, "हे आम्हाला आधीच कोणी का नाही सांगितलं?"

कोठ्यांमध्ये फक्त बाळानं चावून थुंकलेलं ते एकच उंबर उरलं होतं. वाहतुकीत कापायलाही ते कोणी घेतलं नव्हतं.

दुपारनंतर सुरवंट भोक पाडायला आला. शेवंतीनं पान त्याच्यापुढे ठेवलं.

"भोक कशाला? सगळंच खा. संकोच करू नकोस."

सुरवंटानं आयुष्यभर नुसती भोकं पाडली होती. पोटभर पान त्याला कोणी वाढलं नव्हतं. त्यानं पान कडेपर्यंत खाल्लं, ढेकर दिला आणि शेवंतीच्या पाया पडला. त्याला पुष्कळ पाय असल्यानं त्यात बराच वेळ गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं कोष विणला आणि नोकरी सोडली.

मग हार घेऊन टकाचोर आला.

"अभिनंदन, मॅडम! या पौर्णिमेला अख्ख्या जंगलात सर्वाधिक व्यवहार तुमच्या कुटुंबानं केले! बँकेतर्फे तुम्हाला नवं पान. आधीच्यापेक्षा मोठं!"

"आणि आमची थकबाकी?" शेवंतीनं भीत भीत विचारलं.

"ती बँकेनं मोठ्या मनानं माफ केली. वाहतुकीतच तेवढी उंबरं जमली ना." बोलता बोलता टकाचोर थबकला. त्यानं हवेत वास घेतला. मग उरलेल्या भिंतीकडे पाहिलं. "मॅडम, या भिंतीत... उंबरं आहेत का हो?"

बाळानं भिंतीचा आणखी एक घास घेतला.

"ती कुठल्याच कोठीला जोडलेली नाहीत? म्हणजे अगदी उघड्यावर? बिनकवचाची?" टकाचोराच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "बाळाच्या भविष्याचा तरी विचार करा. जोडून टाकू या. दोन मिनिटांचं काम."

शेवंतीला खोटं बोलता येत नसे. तिनं अहोंकडे पाहिलं.

"हं," अहो म्हणाले. ते आभाळाकडे बघत होते.

तेवढ्यात सासूबाई जांभळीवरून उतरून मध्ये उभ्या राहिल्या. सोनेरी चोच त्यांनी पंखाला पुसली.

"कसली उंबरं? माती आहे ती. आमची सून जरा घाबरट आहे, दिवसभर लिंपत बसते. विश्वास नसेल तर बाळालाच विचारा. बाळ, काय आहे रे भिंतीत?"

बाळाचं तोंड भरलेलं होतं. त्यानं आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि टकाचोराच्या हारावर नेम धरून म्हणालं, "थू!"

टकाचोर गेला. नवं पान फांदीवर तसंच पडून राहिलं. वाऱ्यानं ते कुठेतरी नेलं.

थोड्या वेळानं सासूबाई चोचीत ओली माती घेऊन भगदाडापाशी आल्या. अहो मागून उंबर घेऊन आले. या वेळी ते कोणी काढून घेतलं नाही.

"घे," सासूबाई म्हणाल्या. "आणि एक हात देऊन थांबू नकोस. चांगली जाड लिंप."

तात्पर्य : जे सगळ्या बाजूंनी सुरक्षित केलेलं असतं, ते सगळ्या बाजूंनी जातं. म्हणून मुलांनो, थोडंसं नेहमी असुरक्षित ठेवावं, आणि कुठे ठेवलंय ते कोणालाही सांगू नये. आईला सांगितलं तर चालेल. आईला सांगाच.